काचमास्तरांचा पाहुणा

प्रिय मुक्ता आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर मुक्ता म्हणाली, "आजी, मी सध्या कशावर काम करते ते सांगायला लागले तर तू झोपशील. अणूच्या गाभ्यात एक परका कण थोडा वेळ राहून जातो, त्याच्यावर." मी विचारलं, "लॅम्डा का गं?" मग ईशानचं हसू ऐकू आलं आणि मुक्ताचा प्रश्न, "आजी, हा शब्द तुला कुठे भेटला?"

मालवणात भेटला. "लिहून कळवते," असं मी म्हटलं, कारण ही गोष्ट फोनवर सांगितली तर अर्धी राहते. शिवाय मालवणच्या त्या घरात बसून काम केलेल्यांपैकी आता मीच उरले आहे. माझी मैत्रीण फिलू मागच्या पावसाळ्यात गेली. तेव्हा आत्ताच लिहिलेलं बरं. मला सगळं क्रमाने लिहायला आवडतं हे तुम्हाला माहीत आहे, पण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो क्रमात बसणारा नव्हता. जमेल तसं लिहिते.

गावात त्यांना काचमास्तर म्हणत. ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधक होते आणि आईच्या आजारपणासाठी महिन्याची रजा घेऊन मालवणात आले होते. आई गेली, दिवसकार्य झालं, रजा संपली, आणि ते परत गेलेच नाहीत. थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो, विधवा होऊन माहेरी आली होती. तिला एकटं कसं सोडायचं, असं ते लोकांना सांगत. आक्का सांगायची, "माका कसला एकटा? माझे शेजारी आसत, गाय आसा, देव आसा. ह्योच थंय जावक घाबारता. सायबाशी भांडान इलेलो आसा."

भांडण कशावरून होतं ते आम्हाला हळूहळू कळलं. पण आधी काचांचं सांगते.

आकाशातून जे किरण येतात ते पकडायला त्या काळी फोटोच्या काचेसारख्या प्लेटा वापरत. त्यांच्यावरचा थर नेहमीच्या फोटोपेक्षा कितीतरी जाड. दक्षिणेत कुठेतरी मोठ्या फुग्याला बांधून त्या खूप उंच सोडायच्या, खाली उतरल्या की धुवायच्या, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली तसूतसू जागा नजरेखालून घालायची. एखादा कण थरातल्या अणूवर आदळला की गाभा फुटतो आणि तुकडे चारी बाजूंना उडतात. त्यांच्या वाटा काळ्या रेघा होऊन उमटतात. वाळूत पडलेल्या तारामाशासारखं दिसतं ते. आम्ही त्याला ताराच म्हणायचो. मुंबईचे मोठे साहेब भांडण झालं तरी मायाळू होते. तपासून झालेल्या, बाजूला ठेवलेल्या प्लेटा ते खोक्यात भरून मास्तरांना पाठवायचे. एसटीच्या धक्क्यांनी काचा फुटतील म्हणून खोकं बोटीने यायचं, आणि बोट बंदरात लागत नसल्यामुळे होडीतून किनाऱ्यावर. होडीवाले खोकं डोक्यावर घेताना विचारत, "मास्तरांनू, आज काय? तारे की आरशे?"

मी इंटर सायन्स करून कोल्हापूरहून परतले होते. पुढे शिकायचं होतं, पण माझ्या वडिलांची प्रकृती बिघडली, आणि जामसंड्याच्या घरात नुसतं बसून राहण्यापेक्षा मी मालवणला मावशीकडे आले. आक्का मावशीची शेजारीण. भावाला इंग्रजी वाचता येणाऱ्या आणि नजर शाबूत असलेल्या मुली हव्या आहेत, असं तिने सांगितलं. मावशी मला घेऊन गेली. मास्तर ओसरीवर बसले होते, डाव्या डोळ्यावर काळ्या कापडाची झापड बांधून. सूक्ष्मदर्शकातून बघताना दुसरा डोळा मिटून ठेवायचा त्रास नको म्हणून ती झापड होती, पण काढायला ते विसरत. तसेच बाजारात जात. मासळी विकणाऱ्या बायका ओरडत, "मास्तरांनू, दुसरो डोळो खंय ठेवलास?" ते शांतपणे सांगत, "पेटयेत. एतवाराक काढतंय."

त्यांनी माझी परीक्षा घेतली ती अशी. सुपात तांदूळ दिले आणि खडे काढायला सांगितलं. मी काढले. त्यांनी तांदळाकडे पाहिलंच नाही, मी काढलेल्या खड्यांकडे पाहिलं. एक दाणा मी वेगळा ठेवला होता.

"ह्यो काय?"

"माहीत नाही. खडा असेल, तांदूळही असेल."

"उद्या ये," ते म्हणाले. मग मावशीकडे वळून म्हणाले, "खडो ऱ्हवलो तर दात दुखतलो, इतक्याच. पण खडो नसताना खडो म्हणणारा चेडू माका नको."

फिलूही त्याच परीक्षेतून आली होती. फिलोमिना तिचं नाव. वडील आगबोटीवर खानसामा, घरी एक वाजवायची पेटी आणि चार बहिणी. ती माझ्यापेक्षा धीट होती आणि दिवसभर गुणगुणायची.

कामाची खोली म्हणजे माजघराला लागून असलेली जुनी कोठीची खोली. वीज नव्हती. मास्तरांनी छपरातली कौलं काढून तिथे काच बसवली होती आणि काचेवर पातळ कागद चिकटवला होता. त्यातून उतरणारा उजेड सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर घ्यायचा. ऊन सरकेल तसं टेबल सरकवायचं. सकाळी आम्ही पश्चिमेच्या भिंतीशी असायचो, जेवणानंतर पूर्वेच्या. आक्का म्हणे, "माझ्या घरात तीन मानसां आणि एक टेबल सूर्याक प्रदक्षिणा घालतत."

थरावर तेलाचा थेंब लावून बघायचं असतं. ते तेल मुंबईहून यायचं आणि पावसाळ्यात संपायचं. तेव्हा मास्तरांनी एकदा खोबरेल, एकदा उंडीचं आणि एकदा एरंडेल लावून पाहिलं. आक्का दारात उभी राहून म्हणाली, "आता मीठ-मसालो लाव आणि तळून काढ." एरंडेलातून त्यातल्या त्यात बरं दिसलं.

त्यांची बोलण्याची एक रीत होती. विज्ञान ते मालवणीत बोलत आणि भांडण शुद्ध मराठीत. "माका वाटता, ही वाट जाड आसा" असं बोलत होते तोवर सगळं ठीक. "आपण ही नोंद कोणत्या आधारावर केलीत?" असं आलं की आक्का स्वयंपाकघरातून हाक मारायची, "गो पोरींनू, शुद्ध बोलूक लागलो! भायर येवा!" मोठ्या साहेबांशी ते शेवटचे पंधरा दिवस शुद्ध मराठीतच बोलत होते, असं त्यांनी एकदा हसत सांगितलं.

मुक्ता, तुझा लॅम्डा आम्हाला त्यांनी जेवताना समजावला. अणूचा गाभा म्हणजे घर, ते म्हणाले. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही घरची माणसं. प्रत्येकाची जागा ठरलेली. माजघरातल्या जागा भरल्या की पुढच्याने पडवीत बसायचं, तिथली भरली की ओसरीवर. एका जागेवर दोघांना बसता येत नाही. "पण पाहुणो इलो तर? तेचा नाव घरातल्या मानसांत नाय, म्हणान तेका ही शिस्त लागना नाय. तो थेट माजघरात जावन बसता. घरातली मानसां बगतच ऱ्हवतत."

"आणि मग?" फिलूने विचारलं.

"मगे तो जाता. पण जाताना घर मोडून जाता. तुकडे तुकडे. ते तुकडे आपण बगूचे, आणि कोण येवन गेलो ता ओळखूचा."

"पुस्तकात अशा कणांना विचित्र का म्हणतात पण?" मी विचारलं.

"कारण हे जोडीन जन्माक येतत आणि येकटे येकटे जातत. आणि दुसरा म्हणजे, तेंका झटकन जावक व्हया होता, तसो तेंचो हिशोब. पण रेंगाळतत. त्या जगातल्या मापान बगशात तर युगा काढतत."

आक्का भात वाढत होती. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखेच. म्हयन्याच्या रजेर इलेले."

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

साहेबांशी भांडण या पाहुण्यावरूनच झालं होतं. मास्तरांनी मुंबईत असताना एका प्लेटेत दोन तारे पाहिले होते, एका आखूड जाड रेघेने जोडलेले. पहिल्या ताऱ्यातून पाहुण्यासकट एक तुकडा उडाला, थोडं चालून थांबला, आणि तिथे पाहुणा घर मोडून गेला, असा त्याचा अर्थ. साहेब म्हणाले, योगायोग आहे, पुरावा अपुरा आहे. साहेबांचं बरोबर होतं, हे मास्तर स्वतःच आम्हाला सांगत. "मी आशा करून बगलंय. आशा केल्यार तारो दिसता." म्हणून आमच्या खोलीत कडक नियम होता. काही सापडलं तर ओरडायचं नाही, मनात नाव ठेवायचं नाही. फक्त म्हणायचं, "मास्तरांनू, वायच बघतास?" आणि दोघींनी स्वतंत्रपणे मोजायचं, एकमेकींचे आकडे न बघता.

आणि नवी प्लेट लावण्याआधी गाऱ्हाणं. तुम्ही लहानपणी जत्रेत ऐकलं आहे ते, गावकार देवासमोर उभा राहून म्हणतो आणि बाकीचे होकार देतात. मास्तर देवळात फारसे जात नसत, पण प्लेट लावताना हात जोडून उभे राहत.

"बा देवा म्हाराजा! आज ही नवी काच हय लावलेली आसा. हेच्यातसून जो कोण इलो असात, जो कोण गेलो असात, तेची वाट ह्या पोरींका दिसूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो येवकच नाय, तो तेंका दिसू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

फिलू आधी छातीवर क्रूस करायची आणि मग सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हणायची. तिचा आवाज ऐकून शेजारचा कुत्राही भुंकायचा. मास्तर म्हणत, "झाला. साक्षीदार पुरे झाले."

आता त्या पावसाळ्याचं सांगते. मे महिन्याच्या अखेरीस बोटी बंद होत आणि गणपतीच्या सुमारास पुन्हा सुरू होत. त्या वर्षी शेवटच्या बोटीने साहेबांचं पत्र आलं. एक जरी निर्विवाद जोडतारा सापडला, तर प्रयोगशाळेत मास्तरांची जागा त्यांची त्यांना परत मिळेल आणि त्यांच्या हाताखालच्या दोन्ही मुलींना तिथे नेमणूक मिळेल. पहिल्या बोटीने प्लेटा आणि निकाल पाठवा. पुढच्या वर्षी यंत्रं बदलणार आहेत, तेव्हा ही शेवटची संधी समजा.

माझ्या दृष्टीने या पत्राचा अर्थ सरळ होता. मुंबई, पगार, संध्याकाळच्या कॉलेजात पदवी. वडिलांनी मला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरीचं काही झालं नाही तर मिठबावचं एक स्थळ पक्कं करायचं. स्थळ वाईट नव्हतं. ते तुमचे आजोबा. पण तेव्हा मला ते नको होतं, हे तुमच्या आजोबांनाही मी पुढे सांगितलं होतं आणि त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

श्रावणात एके सकाळी इतकं आभाळ भरलं होतं की दिवसा पेट्रोमॅक्स लावून बसलो होतो. माझ्या प्लेटेच्या एका कोपऱ्यात मला मोठा तारा दिसला. त्यातून एक आखूड रेघ बाहेर पडली होती, आणि रेघेच्या टोकाला दुसरा, लहान तारा. मी हात मांडीवर ठेवले. नियमाप्रमाणे म्हटलं, "मास्तरांनू, वायच बघतास?"

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग झापड काढली, घडी करून खिशात ठेवली आणि मागच्या दाराने पावसात निघून गेले. थोड्या वेळाने विहिरीवरचा रहाट कुरकुरू लागला. मन भरून आलं की मास्तर पाणी काढत. त्या दिवशी हंडे, कळशा, गाईची डोण, सगळं भरलं. शेवटी आक्का पडवीतून ओरडली, "अरे, पावसात तुळशीक पाणी घालतंस? बुडली ती! पोरींनू, कोणाक काय गावला गो?"

पुढचे कितीतरी दिवस आम्ही मोजत होतो. प्रश्न असा होता की दुसरा तारा पाहुण्यानेच केला कशावरून? पायॉन नावाचा एक नेहमीचा कण आहे, तोही असाच येऊन गाभा फोडतो. जोडणारी रेघ इतकी आखूड होती की जाडीवरून काही ठरेना. पण एक कसोटी होती. पायॉन जेवढा जोर आत घेऊन येतो त्यापेक्षा जास्त बाहेर पडू शकत नाही. लॅम्डा मात्र त्याहून बराच जास्त देऊन जातो. तुकड्यांच्या वाटांची लांबी मोजायची, त्यावरून प्रत्येकाचा जोर काढायचा आणि बेरीज करायची. बेरीज त्या रेषेच्या वर गेली, तर पाहुणा.

माझी बेरीज वर गेली. फिलूची वेगळी केलेली बेरीज वर गेली. मास्तरांचीही गेली. त्यांनी साहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. मजकूर लहान होता आणि अक्षर नेहमीपेक्षा नीट. लिफाफा देवळीत ठेवला. पहिली बोट आठवड्याभरावर आली होती. फिलूने मुंबईत कुठलं लुगडं आणि मी कुठली चप्पल घ्यायची इथपर्यंत आमचं बोलणं गेलं होतं.

श्रावणातलं जेवण, मासे नाहीत. आक्काने पापड भाजले होते. मास्तर सावकाश जेवत. भात संपेपर्यंत पापड तसाच पानात राहिला. मग त्यांनी तो उचलला आणि दोन बोटांनी वाकवला. तो मोडला नाही. नुसता वाकला.

"सादळलो रे," आक्का म्हणाली. "थांब, दुसरो भाजून देतंय."

मास्तर पापड वाकवत होते, सोडत होते. मग पानावरून तसेच उठले.

"हात धू! त्या काचेक असो शिवू नको!" आक्का ओरडली.

मी मागोमाग गेले. ते प्लेटेसमोर उभे होते, हात पाठीमागे धरून, शिवू नये म्हणून. त्यांनी मला सांगितलं ते ऐकताच मला कळलं, आणि इतकं साधं आपल्याला कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. प्लेट धुऊन वाळली की तिचा थर आकसतो. मूळच्या निम्म्याहून पातळ होतो. म्हणून सूक्ष्मदर्शकात दिसणारी रेघांची खोली एका आकड्याने गुणून मूळची खोली काढायची असते. तो आकडा मुंबईहून प्लेटेबरोबर यायचा, तिथल्या कोरड्या थंड खोलीत काढलेला. आणि आम्ही बसलो होतो मालवणात, श्रावणात. जिथे मीठ पाझरतं, आगपेटी पेटत नाही, दारं फुगून बसतात. आमचा थर फुगला होता. खोली जास्त दिसत होती आणि ती आम्ही वर आणखी गुणत होतो, म्हणून वाटा लांब आणि बेरीज मोठी निघत होती. पावसाळ्याआधी पापड, कोकम, मिरच्या डब्यात बंद करणारी आम्ही माणसं, पण काच सादळेल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मग आत्ताची जाडी मोजून आकडा बदलू," मी म्हटलं.

"दिव्याच्या उष्णतेन ती घडीघडीक बदलता. आता मोजशात ती येक, मगे मोजशात ती दुसरी. काच सुकवक व्हयी. सावकाश." मग ते म्हणाले, "आणि सुकताना थर काचेवरसून सुटलो, तर सगळा गेला. तारोच ऱ्हवाचो नाय."

खोलीत पेट्रोमॅक्सचा आवाज येत होता. देवळीत लिफाफा होता. मी म्हटलं, "मास्तरांनू, पत्र तर जाऊ दे. पुढे दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा मोजू. चूक निघाली तर कळवू." हे मी मनापासून म्हटलं होतं. मला मुंबईला जायचं होतं.

ते माझ्याकडे वळले आणि शुद्ध मराठीत बोलले. रागावले नव्हते. शुद्ध मराठी आणि राग नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"हा तारा तुम्हाला सापडला आहे. पत्र आहे तसं पाठवायचं की प्लेट सुकवायची, हे तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी करीन."

मला कोणी तोपर्यंत अहो-जाहो केलं नव्हतं. मी बाहेर ओसरीवर गेले. डोळे थकले की समुद्राकडे बघायचं, हाही त्यांचा एक नियम होता. समुद्र गढूळ होता आणि क्षितिज दिसत नव्हतं. मुंबई डोळ्यांसमोर येत होती, आणि येत होता तो वाकलेला पापड. थोड्या वेळाने आत जाऊन म्हटलं, "सुकवूया." का, असं विचाराल तर मोठं कारण माझ्याजवळ नाही. आमची बेरीज बरोबर आहे असं मला आता वाटत नव्हतं, आणि खरी वाटत नसलेली गोष्ट बोटीवर चढवायची कशी, हे मला कळत नव्हतं.

सुकवायला आक्काचा पापडांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला. तळाला कोळसे, वर भाजून गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून, त्यावर प्लेट. आक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "गणपती तोंडार इले आणि माझे पापड खंय ठेवू? तुझ्या डोक्यार?" पण कोळसे निवडून तिनेच दिले. डबा बंद करताना मास्तरांनी गाऱ्हाणं घातलं. या वेळी ते अगदी लहान होतं.

"बा देवा म्हाराजा! जा आसा ता ऱ्हवूंदे, जा नाय ता जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फिलू हळूच म्हणाली, आणि मीही.

तांदूळ ओले झाले की बदलायचे, पुन्हा डबा लावायचा. आम्ही रोज झाकण किलकिलं करून थराच्या कडा बघायचो. एका कोपऱ्यात, ताऱ्यापासून दूर, जरासा पापुद्रा सुटला. मग तो तिथेच थांबला. बोटीच्या आदल्या दिवशी ऊन पडलं. मास्तरांनी प्लेट काढली आणि छपराच्या काचेखाली टेबल ओढलं. मी मोजलं, फिलूने मोजलं, त्यांनी मोजलं. बेरीज करायला ते कागद घेऊन ओसरीवर गेले.

आम्ही दोघी आत बसून राहिलो. आणि मग विहिरीवरचा रहाट कुरकुरू लागला.

आक्का स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला तांदळाचं पीठ लागलेलं. "गावलो! पाहुणो गावलो!" फिलूने मला मिठी मारली. आम्ही तिघी मागच्या दारी गेलो. मास्तर पाणी काढत होते. हंडे भरले होते, डोण भरली होती. त्यांचं तोंड उजळलेलं होतं.

"नाय," ते म्हणाले.

"काय नाय?" आक्काने विचारलं.

"पाहुणो नाय. साधो पायॉन. बेरीज रेषेच्या खाली इली. खूप खाली. पण गो बाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "किती स्वच्छ 'नाय' आसा बघ! कोणाक म्हणान खोडूक येवचा नाय!"

इतकी वर्षं झाली, पण तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. होकार मिळाल्यावर ज्या आनंदाने त्यांनी पाणी काढलं होतं, तेवढ्याच आनंदाने ते नकारावर पाणी काढत होते. आणि तो नकार त्यांच्या मुंबईच्या जागेलाही होता, माझ्या नोकरीलाही. फिलू रडायला लागली. मी रडले नाही, समुद्राकडे बघायला गेले. त्या दिवशी क्षितिज दिसत होतं. आक्का पीठ लागलेले हात तसेच धरून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "मरांदे तो पाहुणो. घरचे जेवूक चला."

पहिल्या बोटीने खोकं गेलं. देवळीतला लिफाफा मास्तरांनी चुलीत घातला आणि नवीन पत्र लिहिलं. त्यात जोडताऱ्याबद्दल दोनच ओळी होत्या. बाकी सगळं फुगलेल्या थराबद्दल होतं, पावसाळ्यात घेतलेली आमची सगळी मापं पुन्हा तपासावी लागतील, असं. पुढच्या बोटीने उत्तर आलं. जागेबद्दल त्यात काही नव्हतं. आमची ती प्लेट मात्र परत आली होती, आणि सोबत साहेबांच्या हातची चिठ्ठी. ही काच तुमच्याकडेच राहू द्या, पापडांच्या डब्यात ती आमच्या खोलीपेक्षा सुखात राहील. मास्तरांनी ती मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "भांडण मिटला."

दसऱ्यानंतर माझं मिठबावला पक्कं झालं. लग्नात मास्तर काळा कोट घालून आले, झापड काढायला विसरून. आहेर म्हणून त्यांनी एक बिस्किटांचा डबा दिला. सासरच्या बायकांनी उघडून पाहिला तर आत तांदळाची पुरचुंडी आणि काच. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "ह्या काय गो?" मी सांगितलं, "ह्याच्यात दोन तारे आहेत." त्या म्हणाल्या, "बरा. जपून ठेव." त्यांनी पुढे कधी काही विचारलं नाही.

फिलूचं लग्न होऊन ती गोव्याला गेली. मी जामसंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांना सुपात तांदूळ देऊन पहिला धडा घ्यायचे. काही वर्षांनी मुंबईहून खोकी यायची थांबली. यंत्रं बदलली होती. मास्तर जुन्याच काचा पुन्हा पुन्हा बघत राहिले. त्यांना एकही पाहुणा सापडला नाही. मी भेटायला गेले की विचारायचे, "काच सुकी आसा मा?"

आता काय उरलं आहे ते लिहिते. मास्तर आणि आक्का कधीच गेले. ते घर पाडून त्या जागी नवीन बांधलं आहे. छपरातली काच गेली, विहीर बुजवली. सूक्ष्मदर्शक एका शाळेला दिला होता, त्याच्या लेन्सला बुरशी लागली. प्लेट माझ्याकडे आहे. डब्यात तळाला कोळसे आणि वर भाजलेले तांदूळ असतात, ते मी दर मे महिन्यात बदलते. गेल्या वर्षी शाळेतल्या नव्या सूक्ष्मदर्शकाखाली मी ती धरून पाहिली. कोपऱ्यातला पापुद्रा होता तेवढाच आहे. दोन्ही तारे जागेवर आहेत, आणि मधली रेघही.

तुमची,
आजी